क्लेमचे पैसे

मी वकील झालो तो एका निर्वासिताच्या पैशांवर. रावेरातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक आहे, पण ती माणसं आता थोडीच उरली. म्हणून लिहून ठेवतो.

सारं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मूळचे सिंधमधल्या हैदराबादचे. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान होतं. पुढे गादी, मागे लुगड्यांचे आणि मांजरपाटाचे गठ्ठे, वर झूलेलालची तसबीर. आमच्या घरात कापड यायचं ते तिथूनच. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळीची बाग होती. घड कापले की पैसा यायचा, कापड मात्र बारा महिने लागायचं. मधल्या काळातली उधारी चाचांच्या वहीत चढायची. ती वही सिंधी व्यापाऱ्यांच्या जुन्या लिपीत लिहिलेली असे. गावात दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर लागत नसे. तरी चाचा जो आकडा सांगतील तो अण्णा मान्य करायचे. वही दाखवा, असं ते कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

१९७२च्या दुष्काळात आमची विहीर तळाला गेली आणि बाग उभी वाळली. त्याच वर्षी ताईचं लग्न ठरलेलं होतं. अण्णा लग्न पुढे ढकलायचं बोलू लागले, तेव्हा चाचा स्वतः घरी आले. ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाटील, बाग पुन्हा लागेल. पोरीचं लग्न थांबवू नका. बस्ता मी बांधून देतो." बस्ता आला तो चांगल्या घरच्या लग्नाला शोभेल असा. पुढे केळी पुन्हा उभी राहिल्यावर अण्णांनी ते पैसे थोडे थोडे करून फेडले. चाचांनी मुद्दल घेतलं. व्याजाचा विषय अण्णांनी काढला तेव्हा त्यांनी गल्ल्याचं झाकण लावून टाकलं.

मी बी.ए. झालो आणि मास्तरकीसाठी अर्ज टाकू लागलो. एके दिवशी चाचांनी दुकानात बोलावून घेतलं. म्हणाले, "पुट, तू लॉ कर." मी म्हटलं, जळगावला राहायचं, फी भरायची, पुस्तकं घ्यायची, अण्णांना हे झेपायचं नाही. त्यांनी आतून पोस्टाचं पासबुक आणलं. "हे क्लेमचे पैसे आहेत. आजवर हात लावला नाही. यातून शीक."

क्लेम म्हणजे काय, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या दुपारी चाचांनी पहिल्यांदा आपली सगळी हकिगत मला सांगितली. कायद्याचा माझा पहिला धडा मी गादीच्या कडेला बसून शिकलो.

६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि तोवर सिंधमध्ये थांबलेल्या हिंदूंचा धीर सुटला. चाचांचं घर हैदराबादहून मीरपूरखास, खोखरापार, मुनाबाव अशा गाडीने जोधपूरला आलं आणि तिथून कल्याणच्या छावणीत. महायुद्धातल्या लष्करी बराकी होत्या त्या. एकेका बराकीत पुष्कळ कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ला त्याच छावणीचं उल्हासनगर झालं. चाचा तोवर तिथून निघाले होते. जळगावात एक नातेवाईक होता, त्याच्याकडे आले आणि खांद्यावर गठ्ठा टाकून बाजार करू लागले. आज सावदा, उद्या फैजपूर, परवा यावल. गठ्ठ्यावर दुकान उभं राहायला बरीच वर्षं गेली.

पण चाचा मला सांगत होते ती गोष्ट गठ्ठ्याची नव्हती, तारखेची होती. १९ जुलै १९४८पासून पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवान्याचं बंधन आलं. चाचा त्याच्या आधी आले. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने त्या तारखेआधी येऊन इथे राहिलेल्यांना थेट भारताचे नागरिक मानलं. त्या तारखेनंतर आलेल्यांना अर्ज करून नोंदणी करावी लागली, आणि अर्जाआधी सहा महिने इथे राहिल्याचं दाखवावं लागलं. घटना लागू झाली २६ जानेवारी १९५०ला हे आपण शाळेत शिकतो. नागरिकत्वाची कलमं मात्र २६ नोव्हेंबर १९४९लाच, घटना स्वीकारली त्याच दिवशी अमलात आली. लॉ कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. नव्या देशाला हजार कामं होती, पण बराकीत बसलेली माणसं कोणत्या देशाची, हे ठरवायला त्याने प्रजासत्ताक दिनाचीही वाट पाहिली नाही. घटनाकारांबद्दलचा माझा आदर तिथून सुरू होतो.

नागरिकत्वानंतर मालमत्तेचा प्रश्न. १९५०च्या कायद्याने, मागे सोडलेल्या घराजमिनीचे दावे तपासून घेण्याची सोय झाली आणि १९५४च्या कायद्याने भरपाईची. भरपाई फक्त स्थावराची. दुकानातला माल, दागिने, लोकांकडची येणी यांचा हिशोब कुणी मागितला नाही. दाव्याची रक्कम जितकी मोठी, तितका भरपाईचा हिस्सा लहान. चाचांजवळ हैदराबादच्या घराचा एकही दस्तऐवज नव्हता. छावणीत त्यांच्याच गल्लीतला एक कारकून होता. त्याने अर्ज लिहिला, खोल्या किती, दरवाजा कुठल्या दिशेला, शेजारी कोण हे सगळं मांडलं आणि शेजाऱ्यांच्या साक्षी जोडल्या. तो दावा मंजूर झाला. शेजारच्याच बराकीत एक विधवा होती. तिचं घर चाचांच्या घराहून मोठं, पण अर्ज लिहून द्यायला कुणी नाही. मुदत गेली आणि तिला काही मिळालं नाही.

"हक्क दोघांचाही होता," चाचा म्हणाले. "माझ्याकडे लिहिणारा होता." आणि मग, "रावेरात असा एक माणूस पाहिजे."

एवढ्यासाठी त्यांना मी वकील व्हायला हवा होतो. आपल्या कामासाठी नव्हे. त्यांचं सगळं काम तेव्हा होऊन गेलेलं होतं.

पाकिस्तानात निघून गेलेल्यांनी मागे सोडलेली घरं निर्वासितांना भरपाईच्या बदल्यात घेता येत असत. चाचांनाही एक घर सुचवण्यात आलं होतं. चाची ते पाहून आल्या आणि नको म्हणाल्या. तिकडे आपल्या घरात कोण राहत असेल, हा विचार त्यांना रात्र रात्र छळायचा. दुसऱ्या कुणाला तसाच विचार छळत असेल त्या घरात त्यांना चूल मांडायची नव्हती. म्हणून रोख मिळालं तेवढं घेतलं आणि पोस्टात ठेवलं. त्या पैशांतून माझी फी गेली, खोलीचं भाडं गेलं, पहिला काळा कोट शिवला तोही त्यातूनच. तेव्हा जळगाव पुणे विद्यापीठाखाली होतं. पदवीचा कागद हाती आल्यावर मी तो आधी दुकानात नेला. चाचांनी तो दोन्ही हातांनी धरून सावकाश वाचला आणि चाचींना हाक मारली.

चाचा तीन भावंडं. थोरला भाऊ फाळणीच्या आधीपासून हाँगकाँगला. हैदराबादच्या सिंधी पेढ्या जगभरच्या बंदरांत होत्या, तशाच एकीत तो कामाला लागला होता. तिथेच त्याने ब्रिटिश वसाहतीचं नागरिकत्व घेतलं, आणि ते घेतल्यावर भारताचं राहिलं नाही. १९९७ला हाँगकाँग चीनकडे जायचं ठरलं तेव्हा त्याच्या मुलांची झोप उडाली. चिनी वंशाची नसल्याने चीन त्यांना आपलं म्हणणार नव्हता आणि त्यांच्या हातातल्या ब्रिटिश पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहता येत नव्हतं. शेवटी १९९७लाच ब्रिटनच्या संसदेने खास कायदा करून अशा, दुसरं नागरिकत्व नसलेल्या लोकांना पूर्ण नागरिकत्वाची नोंदणी खुली केली. चाचांची ती पुतवंडं आज लंडनला आहेत.

धाकटी बहीण मीरपूरखासला दिलेली. तिच्या सासरच्यांची शेती होती. जमीन सोडून कुठे जायचं म्हणून ते राहिले. एका आईची तीन लेकरं तीन कायद्यांखाली जगली, आणि तिघांत बहिणीचं जगणं सगळ्यांत अवघड झालं. तिची पत्रं वर्षातून एखादवेळी यायची. युद्धाच्या वर्षांत तीही नाही. चाचा गेले त्याच्या आदल्या वर्षी मला म्हणाले होते, "तिकडून कुणी आलं तर त्यांचे कागद तू बघ." मी हो म्हटलं. चाचांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलं ते एवढंच.

२०१३ साली बहिणीचा थोरला नातू बायको आणि दोन मुलींना घेऊन आला. थार एक्स्प्रेसने खोखरापार, मुनाबाव, जोधपूर. पासष्ट वर्षांपूर्वी चाचा आले होते तोच मार्ग. ही गाडी २००६ला सुरू झाली होती आणि ऑगस्ट २०१९पासून बंद आहे. थोरला शेतीतला माणूस. आमच्या बागेत आला आणि खोडावर हात ठेवून म्हणाला, ही तर बसराई. सिंधमध्ये केळी होते ती बहुतेक याच वाणाची. आमच्याकडे तोवर श्रीमंती आणि टिश्यूची ग्रँड नैन सगळीकडे लागली होती, पण अण्णांनी हौसेने बसराईची थोडी झाडं राखली होती. गड्यांशी त्याचं पहिलं बोलणं झालं ते कंद, फणी आणि पाण्याच्या पाळीबद्दल. रावेरात त्याला काम मिळायला वेळ लागला नाही.

कागदांना मात्र फार वेळ लागला. चाचांसाठी घटनेत एक कलम होतं. याच्यासाठी होता दीर्घ मुदतीचा व्हिसा, आणि तो पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायचा. जळगावला पोलीस अधीक्षक कार्यालयात नोंदणी, राहत्या पत्त्याचा पुरावा, जामीनदार, मुदत संपायच्या आत पुन्हा अर्ज. मीरपूरखासचा पासपोर्ट संपला तर तो दिल्लीच्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातून नवा करून आणायचा. ज्या देशातून जीव घेऊन निघालो त्याच्याच दारात उभं राहायचं आणि फी भरायची.

२०१६ला केंद्र सरकारने या व्हिसावरच्या पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना काही सवलती दिल्या. बँकेत खातं उघडता येईल, राहण्यापुरतं घर आणि स्वतःच्या धंद्यापुरती जागा घेता येईल, वाहन परवाना, पॅन, आधार मिळेल, राज्यात कुठेही फिरता येईल. ऐकायला साध्या गोष्टी आहेत, पण या माणसाला खातं उघडायला एका बँकेतून परत पाठवलं, दुसऱ्या बँकेतूनही परत पाठवलं. आदेश त्यांच्या टेबलापर्यंत पोचलाच नव्हता. मी आदेशाची प्रत घेऊन गेलो, तिसऱ्या ठिकाणी खातं उघडलं. त्या वेळी मला कल्याणच्या बराकीतली ती विधवा आठवली. हक्क मिळाला असतो, पण तो मिळाला आहे हे टेबलापलीकडच्या माणसाला कुणीतरी वाचून दाखवावं लागतं.

आणि 'राज्यात कुठेही' याचा अर्थ रावेरात राहणाऱ्यालाच कळेल. आमच्या स्टेशनवरून इटारसीकडे जाणारी गाडी पकडली की अर्ध्या तासात बऱ्हाणपूर. तिथे सिंध्यांची मोठी वस्ती, चाचींचं माहेरचं गोत तिथेच. पण बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. थोरल्याला मुंबईला जायला मोकळीक होती, अर्ध्या तासावरच्या लग्नाला जायला मात्र आधी परवानगी. मामाच्या मुलीच्या हळदीला आपण का जायचं नाही, असं त्याच्या धाकट्या मुलीने मला विचारलं होतं. मी तिला नकाशा काढून दाखवला. तो तिला समजला, पटला नाही.

२०१७ला थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ आला. त्याच गाडीने, त्याच कारणाने. मीरपूरखासचा शेवटचा बिघाही विकून. दोघांच्या येण्यात अंतर चार वर्षांचं. कायद्याच्या लेखी मात्र ते दोघे वेगळ्या जगातले झाले.

डिसेंबर २०१९ला नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ला आले. ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या, ठरावीक सहा धर्मांच्या लोकांना पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो. थोरला त्यात बसला. मुदत संपलेला पासपोर्टही पुरावा म्हणून चालतो, म्हणजे दिल्लीची ती पायरी आता चढायला नको. आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा येते असं लिहून द्यावं लागतं. सिंधी १९६७पासून त्या अनुसूचीत आहे, त्याने सिंधी लिहिली. अर्ज ऑनलाइन, मग कागदांची तपासणी आणि निष्ठेची शपथ टपाल अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीसमोर. अर्जासोबत आणखी एक प्रतिज्ञापत्र लागतं. अर्जदाराचं चारित्र्य चांगलं आहे, असं एका भारतीय नागरिकाने शपथेवर सांगायचं असतं. तो नागरिक मी. आयुष्यात हजारो प्रतिज्ञापत्रं तयार केली, पण या एकावर सही करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमची वाळलेली बाग बघूनही, हे घर पैसे बुडवणारं नाही, अशी खात्री या माणसाच्या आजीच्या भावाने कधीकाळी धरली होती. ती कुठल्या स्टँपवर नव्हती.

थोरल्याला प्रमाणपत्र मिळालं. धाकटा २०१४नंतर आलेला, तो होता तिथेच आहे.

धाकट्यासाठी मी कायदा उलटापालटा करून पाहिला. आई किंवा बाप अखंड भारतात जन्मलेला असेल तर माणूस भारतीय वंशाचा मानला जातो आणि सात वर्षांनी नोंदणीसाठी अर्ज करू शकतो. याचा बाप १९५० साली जन्मला, आई त्याच्याही मागून. आजी अखंड भारतातली, पण कायदा एकच पिढी मागे बघतो. मग उरतो तो बारा वर्षांच्या वास्तव्याचा सर्वसाधारण रस्ता. तोवर व्हिसा.

२२ एप्रिल २०२५ला पहलगामला हल्ला झाला आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली. त्या रात्री धाकटा माझ्या ओट्यावर आला. बायकोने कपड्यांची पिशवी भरून ठेवली आहे म्हणाला. हिंदूंना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम आहेत, हा खुलासा परराष्ट्र खात्याने केला होता. तो मी त्याला वाचून दाखवला, मग त्याच्या बायकोला फोनवर वाचून दाखवला. पिशवी मात्र तिने लगेच रिकामी केली नाही. मी तिला दोष देत नाही. १ सप्टेंबर २०२५पासून परकीय नागरिकांसाठीचा नवा कायदा लागू झाला. त्याखालच्या आदेशाने २०२४अखेरपर्यंत आलेल्या अशा लोकांना कागदांच्या कारणावरून शिक्षेपासून संरक्षण दिलं आहे. हे संरक्षण मोलाचं आहे, पण ते नागरिकत्व नव्हे.

एवढी वर्षं हे कागद हाताळून माझं मत पक्कं झालं आहे, ते स्पष्ट लिहितो. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. कायद्याच्या डोळ्यांना ताजमहाल बघायला आलेला आणि जीव वाचवायला आलेला, दोघेही परदेशी. ज्या देशाने एवढे निर्वासित सांभाळले त्याला हे शोभत नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांना आपण छप्पर दिलं, शाळा दिली. पुढे त्यांतले पुष्कळजण ब्रिटनला स्थायिक झाले, कारण ब्रिटनने १९४७ला पोलिश लोकांच्या पुनर्वसनासाठी कायदा केला होता. आसरा आपला होता, पण कायम राहण्याचा हक्क त्यांना दुसऱ्या देशाच्या कायद्याने मिळाला.

आणि धर्म विचारून हक्क द्यावा, हेही मला पटत नाही. छळ झाला का, हा प्रश्न पुरेसा आहे. ज्या कायद्याने थोरल्याचं भलं झालं त्याबद्दल मी असं बोलतो, हे थोरल्याला ठाऊक आहे. तो ऐकून घेतो. तो कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे आव्हानाखाली आहे. पण त्याच न्यायालयाने १९९६ला अरुणाचलातल्या चकमांच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की जीविताचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण हे नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाला आहे. घटनेच्या एकविसाव्या कलमात 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. रावेरातल्या नव्या वकिलांना मी हे कलम पाठ करायला लावतो.

चाचांचं दुकान आता त्यांचा नातू चालवतो, रेडीमेड कपड्यांचं. धाकटा त्याच्याकडेच कामाला आहे. चाचांच्या पासबुकातून माझ्यावर खर्च झालेली रक्कम मी वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत परत करायला गेलो होतो. त्यांनी ती घेतली नाही. अण्णांकडून मुद्दल घेणारा माणूस माझ्याकडून तेही घेईना. म्हणून त्यांच्या लोकांच्या कागदांची फी मी घेत नाही, आणि त्यांच्यासारख्या इतरांचीही नाही.

जळगाव जिल्ह्यात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारे पाकिस्तानातून आलेले लोक शेकड्यांनी आहेत. तुमच्या गल्लीत, दुकानात, मुलांच्या वर्गात त्यांतलं कुणी असेल. त्यांना एवढं सांगा: प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७चा विधी सेवा कायदा मोफत वकील देताना नागरिकत्वाची अट घालत नाही. स्त्रिया आणि मुलांना तर उत्पन्नाची अटही नाही. व्हिसाची मुदत संपायची वाट बघू नका. सगळे कागद घेऊन तिथे जा आणि अर्ज लिहून मागा.